उशाजवळचा ढीग फर्म्याफर्म्याने

रविवारी सकाळी, चहा-नाश्ता उरकल्यावर, उशाजवळचा न वाचलेल्या पुस्तकांचा सगळा ढीग उचला आणि पलंगावर पसरा. हे काम रात्री काढू नका. रात्री प्रत्येक पुस्तक उघडून दोन पानं वाचायचा मोह होतो, बारा वाजतात आणि ढीग होता तसा परत जागेवर जातो. सकाळच्या उजेडात धूळ दिसते, पुस्तकं खाणारी कसर दिसते, आणि आपल्याकडे नेमकं काय साठलंय तेही नीट दिसतं.

मी चिपळूणची. आमचा पुस्तकबांधणीचा धंदा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि माझा नवरा चालवतो. शाळांची रजिस्टरं, पतसंस्थांच्या खतावण्या, वाचनालयांची पुस्तकं, घराघरांतल्या पोथ्या असं सगळं आमच्याकडे येतं. घरचं पुस्तक बांधायला आणणारा माणूस ते टेबलावर ठेवता ठेवता म्हणतो, "सावकाश द्या हो, अजून वाचायचंच आहे." हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की न वाचलेल्या पुस्तकाची खंत किती घरांत आहे याचा मला अंदाज आहे. पुस्तकं बांधणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते जी वाचणाऱ्याला बहुधा कुणी सांगत नाही, आणि तीच या ढिगावर लागू पडते. तिच्याकडे येतेच.

आधी साफसफाई. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि कोरड्या सुती फडक्याने वरची कड पुसा. पुसताना हात पाठीकडून मोकळ्या कडेकडे न्यायचा, म्हणजे धूळ शिलाईत शिरत नाही. मग पुस्तक उघडून आतलं अस्तर बघा, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेला कागद. तिथे खरवडल्यासारखे पातळ डाग दिसले तर ती कसर. जुन्या पुस्तकांच्या पाठीला मैद्याची खळ असते, कसर ती खायला येते. मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी, आणि मग ते पुस्तक तत्काळ बाकीच्यांपासून लांब ठेवून भिंत तपासायची. आत ठेवलेली बिलं, बसची तिकिटं, सुकलेली फुलं काढून घ्या. फुलांचा डाग कागदावर कायमचा राहतो.

आता परकी पुस्तकं वेगळी करा. वाचनालयाची, शेजारच्या काकूंची, मेव्हण्याची. ती पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवा. दुसऱ्याचं पुस्तक उशाशी असलं की आपली पुस्तकं वाचतानाही मनाला टोचत राहतं. वाचायचंच असेल तर तेच सगळ्यात आधी घ्या, नाहीतर या आठवड्यात परत करा. वाचनालयात तर त्या पुस्तकासाठी कुणीतरी नाव नोंदवून बसलेलं असू शकतं.

उरली ती आपली. आता कागद-पेन्सिल घ्या, कारण मघाशी म्हटलेली ती बांधणीवाल्यांची गोष्ट, म्हणजे फर्मा, इथे लागते.

छापखान्यात पुस्तकाची पानं एकेक सुटी छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापतात, तो कागद तीन वेळा दुमडतात, आणि त्या घडीचा होतो एक फर्मा. आम्ही बांधणीवाले त्याला जुजही म्हणतो. असे फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले की ती जुजबंदी, आणि वर पुठ्ठा चढला की पुस्तक. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकाराच्या असतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. घरातलं एखादं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक घ्या आणि त्याच्या वरच्या कडेकडे, पाठीजवळ, निरखून बघा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. आता नाव छापलेल्या पहिल्या पानापासून मोजत आत जा. आठव्या आणि नवव्या पानाच्या मधोमध दोरा दिसेल. पुढचा दोरा चोवीस आणि पंचवीसच्या मध्ये, त्याच्या पुढचा चाळीस आणि एकेचाळीसच्या मध्ये. काही पुस्तकांत आठ पानी फर्मेही असतात, पण सोळाचा हिशेब बहुतेक ठिकाणी जमतो. कागदी बांधणीच्या पुस्तकात दोरा नसतो, पाठ कापून नुसता गोंद लावलेला असतो. तिथेही सोळा सोळा पानं आपण मोजायची.

माझं सांगणं इतकंच आहे की झोपण्यापूर्वी एक फर्मा वाचा. सोळा पानं. साधारण अर्धा तास लागतो, मजकूर सोपा असेल तर त्याहून कमी. "एक प्रकरण वाचीन" असं ठरवू नका. प्रकरण कधी सहा पानांचं निघतं, कधी साठ. साठ पानांचं निघालं की आपण अर्ध्यात पेंगतो, दुसऱ्या दिवशी कुठे होतो ते आठवत नाही, आणि पुस्तक ढिगात परत जातं. बांधायला आलेल्या पुस्तकांत दुमडलेले कोपरे मी बघत असते. ते बहुतेक वेळा एखाद्या लांबलचक प्रकरणाच्या मध्यावर असतात, आणि त्यापुढची पानं कोरी करकरीत. तेवढ्यावरून कळतं की वाचणारा तिथे अडकला होता.

प्रत्येक पुस्तकाच्या एकूण पानांना सोळाने भागा आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती पहिल्या पानात ठेवा. १६० पानांची कादंबरी म्हणजे १० फर्मे. ४०० पानांचं आत्मचरित्र म्हणजे २५. आता ढिगाची बेरीज करा. समजा आठ पुस्तकं आहेत आणि त्यांचे फर्मे ६, ८, १०, १२, १३, १६, २० आणि ३५ असे आहेत. बेरीज १२०. रोज रात्री एक म्हटलं तर चार महिने. जूनला सुरू केलं तर सप्टेंबर सरताना संपलं.

ही बेरीज करायला चुकवू नका. ढिगाची धास्ती वाटते ती तो किती आहे ते माहीत नसतं म्हणून. आकडा हातात आला की तो आगोटीच्या सामानासारखा होतो. आमच्याकडे कोकणात पाऊस लागायच्या आत तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, मिरची, लाकूडफाटा भरून ठेवायची रीत आहे, तीच आगोट. भरलेलं घर बघून कुणाला ओझं वाटत नाही. कारण किती महिन्यांचं आहे आणि कधी काय काढायचं हे घरच्या बाईला ठाऊक असतं. पुस्तकांचंही तसंच करा. बेरीज चार महिन्यांच्या आत असेल तर सगळी उशाशी राहू द्यात. त्याहून जास्त असेल तर वरची शिल्लक कपाटात ठेवा आणि पुढच्या चार महिन्यांना काढा.

चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा, की हे पुस्तक कशासाठी घेतलं. कुणी सांगितलं होतं, कुठे उल्लेख वाचला होता, प्रदर्शनात कुठलं पान उघडून आवडलं होतं. नवं पुस्तक घरी आणल्या दिवशीच लिहिलं तर उत्तम. सहा महिन्यांनी आपल्याला पुस्तक आठवतं पण ते का हवं होतं ते आठवत नाही, आणि कारण हरवलेलं पुस्तक उघडायला हात जात नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई दमट हवेत पानावर उतरते.

खुणेसाठी दोन पट्ट्या ठेवा, एक आज जिथून सुरू करायचं तिथे आणि दुसरी आज जिथे थांबायचं तिथे. दुसरी पट्टी आधीच लावलेली असली की समोर किती आहे ते बोटांना कळतं. सोळा पानं चिमटीत धरली की जेमतेम जाणवतात, आणि दमून आलेल्या माणसाला तेवढं पुरेसं असतं. पट्टी जाड कागदाची कापा. पानांत पेन, चष्मा किंवा मोबाइल ठेवून पुस्तक मिटलं की पाठ फाकते.

कवितेला हा हिशेब लावू नका. कवितेचं पुस्तक ढिगाच्या वर वेगळं ठेवा, आणि फर्मा वाचून झाल्यावर झोप येत नसेल तर एक कविता वाचा. एकच.

आता जाड पुस्तकांबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ढिगात सगळ्यात खाली वर्षानुवर्षं तीच दबलेली असतात.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. एकदा आठशे पानांचं चरित्र घेऊन आले. पुठ्ठा शाबूत, शिलाई घट्ट. मी म्हटलं, "गुरुजी, याला काही झालेलं नाही. बांधायचं काय?"

"वहिनी, पुस्तक ठणठणीत आहे, मीच राहिलो नाही," ते म्हणाले. "झोपून वाचायला घेतलं की मनगट भरून येतं. छातीवर टेकवलं की श्वास कोंडतो. टेबलाशी बसलो तर पाठ दुखते. दोन वर्षं उशाशी आहे नुसतं."

मी त्यांना फर्मे मोजून दाखवले. पन्नास. म्हटलं, "पंचवीस-पंचवीसचे दोन भाग करून देते. हातात वहीएवढे बसतील."

त्यांनी पुस्तक जवळ ओढून घेतलं. "कापणार?"

"कापायचं काही नाही. शिलाई उसवायची. फर्मे जसेच्या तसे सुटे होतात."

हे काम कसं होतं ते सांगते, म्हणजे तुम्ही बांधणीवाल्याकडे गेलात तर काय मागायचं ते कळेल. आधी अस्तर सांध्यापाशी अलगद सोडवून पुठ्ठा वेगळा करतात. पाठीवरची जाळीची पट्टी आणि सुकलेली खळ ओलसर फडक्याने मऊ करून काढतात. मग मधल्या फर्म्याच्या घडीत जाऊन तिथला दोरा कापतात, फक्त दोरा. पुस्तकाचे दोन गठ्ठे होतात. प्रकरण नेमकं तिथेच संपेल असं नाही, म्हणून दोन-तीन फर्मे मागेपुढे बघून बरी जागा निवडायची. गुरुजींच्या पुस्तकात सव्विसाव्या फर्म्याला नवं प्रकरण अगदी पहिल्या पानापासून सुरू होत होतं, तेव्हा शोधावं लागलं नाही. मग दोन्ही गठ्ठ्यांना नवं अस्तर, दाभणाने भोकं पाडून फितीवर पुन्हा शिलाई, पाठीला मैद्याची खळ. खळीत आम्ही मोरचूद घालतो, त्याने कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, घरी मुलाबाळांत हा उद्योग करू नका. शेवटी पातळ पुठ्ठा, पाठीला कापड, आणि रात्रभर दाबाखाली. जुना पुठ्ठा मी टाकत नाही. त्यावरचं नाव कापून पहिल्या भागाच्या नव्या पुठ्ठ्यावर चिकटवून देते.

गणपतीच्या आधी गुरुजी आले ते पहिला भाग संपवून. दुसरा हातात धरून उभे राहिले होते, आणि मला त्या चरित्रातलं काय काय सांगत होते. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, तेही ऐकत राहिलं.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. पुस्तक दोऱ्याने शिवलेलं हवं, नुसत्या गोंदाच्या पुस्तकाला फर्मेच उरलेले नसतात. आणि दुर्मीळ, जुनं, कुणाची सही असलेलं पुस्तक असेल तर हात लावू देऊ नका. आजही बाजारात मिळणारं, स्वतःला वाचायला घेतलेलं जाड पुस्तक असेल तर बेलाशक करा. पुस्तक वाचलं जाण्यासाठी उसवलं तर त्याचा मान कमी होत नाही, असं मी मनापासून मानते.

नवं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक पहिल्यांदा उघडतानाही एक पद्धत आहे. पुस्तक पाठीवर टेबलावर उभं धरा. पुढचा पुठ्ठा खाली टेकवा, मग मागचा. मग पुढून दहा-बारा पानं खाली दाबा, मागून दहा-बारा, पुन्हा पुढून, पुन्हा मागून, असं मध्यापर्यंत या. बोटाने सांध्यावर हलका दाब द्यायचा. याने शिलाई सगळीकडे सारखी सैलावते आणि पुस्तक हातात उघडं राहतं. मधूनच कडकन उघडलं तर पाठ तिथेच मोडते, पुढे नेहमी तेच पान उघडतं आणि एक दिवस तिथूनच फर्मा निखळतो. उघडं पुस्तक पालथं घालून झोपी जाणं हेही तेच करतं.

जागा. ढीग जमिनीवर ठेवायचा नाही. निदान वीतभर उंचीचा पाट किंवा फळी हवी. बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही, मध्ये चार बोटं अंतर हवं, कारण पावसाळ्यात त्या भिंतीतून ओल येते. हवेत दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याच्या वरच असतो. म्हणून आठवड्यातून एकदा ढीग उलटा रचा, खालचं वर. रचताना उंची वीतभराच्या पुढे जाऊ देऊ नका. उंच ढिगातलं खालचं पुस्तक ओढावं लागतं म्हणून कुणी काढतच नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला आणि कागदात गुंडाळून. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत, त्यांचा वास छातीत जातो. ऊन दाखवायचं तर सावलीतलं. थेट उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो.

पुस्तक भिजलंच तर काय करायचं, हे २२ जुलै २०२१ नंतर चिपळूणमध्ये बऱ्याच घरांना कळलं. वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, आणि ते ओसरल्यावर लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन आमच्याकडे आले. पलंगाखाली, उशाशी, कपाटाच्या खालच्या खणात होती ती गेली. फळीवरची बरीच वाचली. भिजलेल्या पुस्तकाला पहिले दोन दिवस महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी येते. चिखल लागला असेल तर पुस्तक घट्ट मिटून स्वच्छ पाण्याखाली धरायचं, उघडून चोळायचं नाही. मग उभं करून पानं पंख्यासारखी थोडी फाकवायची, दर दहा-बारा पानांत टिपकागद किंवा साधा कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचा. वर्तमानपत्राची शाई उतरते, ते घालू नका. वर पंखा चालू. चित्रांची गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी घ्या, कारण ती सुकता सुकता एकमेकांना कायमची चिकटतात. ओल जाऊन नुसता थंडावा उरला की वर वजन ठेवून सपाट करायचं.

आता कुठलं पुस्तक ढिगातून काढायचं. माझा निकष दोन फर्म्यांचा आहे. बत्तीस पानं मन लावून वाचली, चिठ्ठीवरचं कारण पुन्हा वाचलं, आणि तरी पुढे जावंसं वाटत नाही, तर ते पुस्तक दुसऱ्याचं आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं तिसरं आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्या उशाशी पडून राहिलं तर तो वाचक त्याला मिळणार कसा? आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला चांगल्या अवस्थेतलं एक पुस्तकही मोलाचं असतं. आधी फोन करून विचारा, त्यांच्याकडे ते असेल तर दुसरीकडे द्या. फाटकं पुस्तक तसंच देऊ नका, बांधून द्या. आणि मुलांची पुस्तकं रद्दीत कधीही घालू नका, गावातल्या शाळेत नेऊन द्या.

दिवाळी अंकांचा ढीग वेगळा ठेवा, तो पुस्तकांत मिसळला की दोन्ही राहतात. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली परंपरा आहे, आणि ती हौसेने जपावी अशीच आहे. पण अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. अनुक्रमणिका घ्या, पाच ठिकाणी पेन्सिलीने खूण करा, तेवढं वाचा. एखादा दीर्घ लेख असा निघतो की तो जन्मभर जवळ हवा असतो. तेवढी पानं सांभाळून काढा. चार-पाच वर्षांचे असे लेख साठले की माझ्यासारख्या कुणाकडे न्या. त्यांचा एक खंड बांधून मिळतो, आणि पहिल्या पानावर तुम्ही स्वतःच्या हाताने अनुक्रमणिका लिहू शकता. उरलेला अंक संक्रांतीच्या आत शेजारी, कचेरीत, वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत, कुठेही द्या. संक्रांतीनंतर तो मागायला कुणी येत नाही.